शेवटचा फॉर्मा

जुन्या पनवेलात तळ्याकडून बाजारात शिरणाऱ्या गल्लीत एक छत्र्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या डाव्या अर्ध्या भागात एक वाचनालय होतं. छत्र्या मोठा भाऊ विकायचा, पुस्तकं धाकटा सांभाळायचा. धाकट्याला सगळे चाचा म्हणायचे. चाचांची वीस-बावीस वर्षं मस्कतच्या एका गोदामात गेली होती. तिथे कुणीतरी मागे टाकून गेलेलं एक मराठी रहस्याचं पुस्तक त्यांनी इतक्यांदा वाचलं की परत आल्यावर त्यांनी भावाकडून निम्मं दुकान मागून घेतलं. भाऊ म्हणाला, छत्री निदान चार महिने तरी खपते, पुस्तक किती महिने खपणार? चाचा म्हणाले, मी विकणारच नाही, वाचायला देणार. भावाने कपाळावर हात मारला आणि मधे एक पडदा लावून घेतला.

मी त्या वाचनालयात जायला लागले तेव्हा मोबाइल सगळ्यांच्या हातात आले होते, पण त्याच्यात पुस्तक वाचायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझं ऑफिस जासईला, कंटेनर यार्डात. पेटीवरचं सील आणि कागदावरचा नंबर जुळतो की नाही ते दिवसभर बघायचं, नाही जुळला तर भांडायचं. मी रागीट आहे, त्यामुळे काम मला मानवलं होतं. ऑफिसच्या बसमधून जाता-येताना वाचायला काहीतरी लागायचं. चाचांनी मला पहिल्याच दिवशी एका मालिकेचं पहिलं पुस्तक दिलं आणि मी अडकले.

चोवीस पुस्तकांची ती मालिका होती. सगळ्या रहस्यकथाच, पण जुन्या काळातल्या. काही सातवाहनांच्या वेळच्या. त्यांत घाटमाथ्यावर जकातीच्या दगडी रांजणापाशी बसणारी एक बाई खुनांचा छडा लावायची. काही यादवांच्या काळातल्या, त्यांत देवगिरीचा एक पोट सुटलेला वैद्य. आणि काही शिवकालातल्या, त्यांत एका लहानशा किल्ल्यावर हजेरी मांडणारा सबनीस. राजा कुठेच नसायचा, फार तर लांबून त्याची पालखी जायची. माणसं सगळी आपल्यासारखी, म्हणजे कोठावळे, पाणके, कारकून. मला ते फार आवडायचं. आमच्या यार्डातही मालक कधी दिसत नसे.

आता त्या वाचनालयाचा कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. सुरुवातीला चाचा पूर्ण पुस्तकं द्यायचे. मग कुणीतरी अतिशहाण्याने तीन पुस्तकांच्या पहिल्या पानावर बॉलपेनने लिहून ठेवलं, 'खून मेव्हण्याने केला', 'पुजाऱ्यावर लक्ष ठेवा', असलं. चाचा इतके दुखावले की दोन दिवस त्यांनी शटर उघडलं नाही. नंतर त्यांनी बाइंडरला बसवून मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा फॉर्मा उसवून काढला. फॉर्मा म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा, असे दहा गठ्ठे शिवले की एक पुस्तक होतं. नऊ फॉर्मे वाचकाने घरी न्यायचे. दहावा चाचांच्या टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर पुस्तकाचा नंबर. नऊ वाचून झाले की दुकानात यायचं, खुनी कोण आणि का ते चाचांना सांगायचं, मग दहावा हातात मिळायचा. तो तिथल्या बाकावर बसूनच वाचायचा. उत्तर चुकलं तरी मिळायचा, पण न सांगता कुणालाही नाही. एकदा एक फौजदार आला होता, त्यालाही नाही.

"पहिले नाव, नंतर पानं," चाचा म्हणायचे. "कायदा सगळ्यांना एकच."

मी बाकावर बसून सोळा पानं वाचत असले की चाचा पुस्तकांवरची धूळ झटकत माझ्या तोंडाकडे बघत असायचे. कुठल्या पानावर माझे डोळे मोठे होणार हे त्यांना पाठ होतं.

माझी सात-आठ पुस्तकं झाली असतील तेव्हा सासूबाई गेल्या आणि सासरे पुण्याहून आमच्याकडे खांदा कॉलनीत आले. "महिनाभर राहतो," म्हणाले. एक बॅग आणली होती, खाकी कॅनव्हासची, पितळी कड्यांची. ती त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि लागेल तेवढेच कपडे काढून घ्यायचे, धुतले की परत आत. कपाटात मी त्यांच्यासाठी एक कप्पा रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला. रोज त्या कप्प्याकडे बघून माझं डोकं फिरायचं. पण सासऱ्याला काय बोलणार?

बाबा पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं प्रुफं वाचली. पंचांगं, पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, इतिहासाचे जाड ग्रंथ, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं होतं. आणि आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शेगडी चाचपून पेटवायचे. वर्तमानपत्र हातात धरायचे, पण पान उलटायचे नाहीत. माझ्या नवऱ्याने ऑपरेशनचा विषय काढला की एकच उत्तर, "वाचायचं होतं ते वाचून झालं."

खरं म्हणजे ते घाबरत होते. त्यांच्या छापखान्यातल्या एका माणसाचा डोळा अशाच ऑपरेशनात गेला होता. ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण पुण्याच्या नणंदेने फोनवर मला सांगितलं. नणंदेने हेही सांगितलं की ते तिला रोज विचारतात, घर झाडून ठेवलंस का, मी येतोय. त्या घराला तीन जिने, आणि घरात दुसरं कुणी नाही.

एका रविवारी मी गवार मोडत बसले होते आणि समोर पुस्तक उघडं ठेवून वाचत होते. बाबा म्हणाले, "काय वाचतेस एवढं? मोठ्याने वाच की." मी वाचलं. दोन पानं झाली असतील नसतील, त्यांनी हात वर केला.

"थांब. काय म्हणालीस? बटाट्याची भाजी?"

"हो. वैद्याच्या बायकोने केली."

"यादवांच्या काळात बटाटा कुठून आला? पोर्तुगीज येईपर्यंत आपल्याकडे कुणी बटाटा बघितला नव्हता. वाच पुढे."

पुढच्या पानावर वैद्याने तपकीर ओढली. बाबांनी पुन्हा हात वर केला. तंबाखूसुद्धा नव्हती म्हणे. अशा तऱ्हेने एक प्रकरण वाचायला दोन तास लागले, भाजी राहिली ती राहिलीच, पण जेवताना बाबांनी स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग आमचा नेमच झाला. मी ऑफिसमधून आले की चहा घेऊन तासभर वाचायची. माझी वाचून झालेली पुस्तकंही परत पहिल्यापासून आणली. नवरा रसायनीला पाळीवर जायचा, तो कधी मधूनच यायचा आणि विचारायचा, "आता हा कोण मेला?" आम्ही दोघंही त्याच्यावर खेकसायचो.

नऊ फॉर्मे झाले की रिक्षाने चाचांकडे. बाबांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की माझ्याच वयाच्या माणसाला मी चाचा म्हणणार नाही. ते त्यांना ग्रंथपालसाहेब म्हणायचे. चाचा त्यांना भाईसाब म्हणायचे. बाबा बाकावर ताठ बसून, काठी दोन्ही हातांत धरून, खुनी कोण ते सांगायचे. कारणं पाच-सहा, एकाहून एक पक्की. आणि दर वेळी उत्तर चुकायचं. मी दहावा फॉर्मा वाचून दाखवायची आणि चाचा पडद्याआडून भावाला ओरडून सांगायचे, "भाईसाब आज पण फेल." बाबा म्हणायचे, "लेखक फेल. माझं कारण जास्त बरोबर होतं." छत्र्यांच्या बाजूने हसण्याचा आवाज यायचा.

इतकं छान चाललं होतं, तरी बॅग पलंगाखालीच होती. महिन्याचे सहा महिने झाले. मालिका संपत आली तसं मला दिसायला लागलं की ही पुस्तकं संपली की बाबांना इथे धरून ठेवायला माझ्याकडे काही नाही. मी मुद्दाम हळू वाचायला लागले. मधेच कुकर बघून यायची, मधेच फोन. बाबांच्या लक्षात आलं असणारच. शेवटचं, चोविसावं पुस्तक हातात घेतलं त्या दिवशी नवऱ्याने मधे पडून एक सौदा ठरवला. ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली. बाबा म्हणाले, "ठीक आहे. पण आधी शेवट ऐकणार. डोळा गेला तर निदान हे तरी पुरं झालेलं असेल. शेवट नाही ऐकला तर ऑपरेशन नाही आणि मग मी आपला बुधवारच्या एस्टीने पुण्याला."

घाबरलेल्या माणसाला एक सबब पुरते, हे मला यार्डातल्या ड्रायव्हरांनी शिकवलं आहे. मी म्हटलं, ही सबब मी मिळू देणार नाही.

चोविसावं पुस्तक वैद्याचं होतं. यादवकाळातलं एक देऊळ, त्याचं धान्याचं कोठार, आणि कोठारात मरून पडलेला कोठावळा. संशय कोठावळ्याच्या धाकट्या भावावर, कोठारावरच्या पहारेकऱ्यावर आणि देवळातल्या पाणक्यावर. नऊ फॉर्मे शुक्रवारी संपले. बाबांचा गुडघा सुजला होता, त्यांना रिक्षात चढता येईना. त्यांनी मला उत्तर पढवलं, "धाकटा भाऊ. कारणं चार. नीट सांग." शनिवारी अर्धा दिवस होता. ऑफिसची बस जुन्या पनवेलात सोडायला लावून मी चाचांकडे गेले.

चाचांनी कारणं ऐकली, मान डोलवली, आणि भाईसाबचा गुडघा आहे म्हणून आयुष्यात पहिल्यांदा फॉर्मा घरी न्यायला देतो म्हणाले. मग त्यांनी खण उघडला. तेवीस पिशव्या होत्या. चोविसावी नव्हती.

आम्ही खण उपडा केला. तेवीसच्या तेवीस पिशव्या उघडून बघितल्या, चुकून दोन फॉर्मे एकीत गेले असतील म्हणून. खणाखाली बघितलं. पडद्यापलीकडच्या भावाने छत्र्यांच्या खोक्यांत हात घालून बघितलं. कुणीतरी वाचून झाल्यावर उठला असणार आणि हातातल्या हातात घेऊन गेला असणार. चाचा स्टुलावर बसले.

"माझाच कायदा आणि माझीच चूक," शेवटी म्हणाले. "पूर्ण पुस्तक ठेवलं असतं तर हे झालं नसतं. मुंबईला विचारतो, दुसरी प्रत कुठे मिळते का. पण ही पुस्तकं आता छापत नाहीत, बेटी. आणि हा एकच शेवट मी स्वतःसाठी राखून ठेवला होता, वाचलाच नाही."

सोमवारला दीड दिवस होता. मी म्हटलं, "चाचा, बाबांना यातलं काही सांगायचं नाही. शेवट मी लिहिते."

"म्हणजे झूट बोलणार?"

"झूट कसलं? कादंबरी आहे. त्या लेखकाने तरी काय डोळ्यांनी बघितलं होतं?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण सोमवारचं त्यांनाही माहीत होतं. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "मग पहिले नाव. कायदा सगळ्यांना एकच."

मला काहीच सुचलेलं नव्हतं. तोंडाला येईल ते मी बोलून टाकलं, "पहारेकरी."

"का?"

"ते उद्या सांगते."

यार्ड रविवारी चालू असतं. मी सकाळीच गेले आणि रिकाम्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसले. आयुष्यात मी पत्रांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं, तीही बहुतेक भांडणाची. वैद्य कोठारात उभा आहे, सगळे जमलेत, आता तो बोलणार, इथपर्यंत झालं आणि पुढे गाडी हलेना. पहारेकरी म्हणतो मी कोठारात कधी पाऊल ठेवलं नाही. तो खोटं बोलतो हे कशावरून? आमच्या गेटवर बसणारा गावातलाच एक माणूस तेवढ्यात आत आला. तो भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात होता, आणि दर वेळेप्रमाणे टरफलं माझ्या टेबलाच्या कडेला ठेवत होता. तसा तो ठेवतो म्हणून मी त्याला हजार वेळा बोलले आहे.

"काय लिवता, मॅडम?"

मी सांगितलं.

"पहारेकऱ्यानं? नाय वो. आमी गेटवरची मानसं असं नाय करनार. तो भावानंच मारला असल."

मी टरफलांकडे बघत होते. उठून त्याचे आभार मानले. तो घाबरून टरफलं उचलायला लागला. पुढचं सगळं दोन तासांत झालं. पहारेकऱ्याला शेंगदाणे खायची सवय, हे मी त्याच्या तोंडी घातलं. कोठारात रांजणांच्या मागे वैद्याला टरफलं सापडतात. कधी आत पाऊल न ठेवणाऱ्या माणसाच्या शेंगांची टरफलं आत कशी? पहारेकरी गुडघ्यावर बसतो, सगळं कबूल करतो. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. जुन्या पावत्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर मी ते छापलं, चाचांना जाता जाता कारण सांगून आले. चाचा म्हणाले, "पटण्यासारखं आहे." संध्याकाळी बाबांच्या समोर पलंगावर मांडी घालून मी तो शेवट वाचला.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. हात एकदाही वर झाला नाही. मी मनात म्हटलं, बघा, कसं बेमालूम जमलं. टरफलांच्या जागी आले तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मला वाटलं, उत्तर चुकल्याचं वाईट वाटलं असेल.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"बरं. उद्या किती वाजता निघायचं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. नवऱ्याला वाटलं, कांदा.

ऑपरेशन नीट झालं. आधी उजवा डोळा, सहा आठवड्यांनी डावा. हिरवी पट्टी, काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब. बुधवारच्या एस्टीचं कुणी नाव काढलं नाही, पण पट्टी होती तोवर कुठे जाणार होते, तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही. मधे एकदा वाकून बघितलं, बॅग पलंगाखाली होती. नवा चष्मा आला त्या दिवशी बाबांनी आधी सासूबाईंचा फोटो भिंतीवरून काढून हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "तो शेवटचा फॉर्मा आण बरं. माझ्या डोळ्यांनी एकदा वाचतो."

मी म्हटलं, चाचांना परत केला. ते बरं म्हणाले. मी ती पानं धान्याच्या डब्यांमागे खोचून ठेवली होती, बाबा तिकडे कधी फिरकायचे नाहीत म्हणून. पण आता त्यांना दिसत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दिसायला लागल्यावर त्यांनी आठवडाभरात सगळं घर वाचून काढलं होतं, मसाल्याच्या पाकिटांच्या मागच्या बाजूंसकट.

त्या आठवड्याच्या शेवटी ऑफिसमधून आले तर जेवणाच्या टेबलावर माझी पानं होती, नीट जुळवून ठेवलेली, वर पेपरवेट म्हणून वेलदोड्याची डबी. सगळी पानं लाल झाली होती. समासात खुणा, ओळींखाली रेघा, कुठे फुल्या, कुठे बाण. चाळीस वर्षांचा हात होता, जराही कापलेला नव्हता. टरफलं जिथे जिथे होती तिथे तिथे काट मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'भुईमूग तेव्हा नव्हता. पुराव्याचा पाया गेला. फुटाणे चालतील, त्यांचीही साल पडते.' पहिल्या पानावर आणखी एक टीप होती, 'शेंगांची टरफलं ही शाळेतली गोष्ट, ती शाळेत ठेवावी.'

बाबा खुर्चीत चहा पीत बसले होते. मला राग यायला हवा होता, पण येईना.

"कधी कळलं?"

"तू पहिलं पान उलटलंस तेव्हा. फॉर्म्याच्या कागदाचा आवाज असा नसतो. हा पावतीचा कागद आहे, पातळ." त्यांनी कप खाली ठेवला. "मग शेंगदाणे आले तेव्हा खात्रीच झाली. तो लेखक बटाटा घालेल, पण सगळा खून शेंगदाण्यावर उभा करणार नाही. एवढं धाडस घरच्याच माणसाचं."

"मग ऑपरेशनला हो का म्हणालात? शेवट तर ऐकलाच नव्हता तुम्ही."

ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले. "चुका नुसत्या ऐकू येत होत्या," म्हणाले. "दिसल्याशिवाय खूण कुठे करणार? आणि रविवारी ऑफिसला जाऊन माझ्यासाठी एवढं लिहिलंस. मला कुणी काही लिहून दिलं नव्हतं, सूनबाई. मी सगळ्या जगाचं वाचलं."

शेवटच्या पानाच्या तळाशी, सहीच्या वर, त्यांनी छापखान्यातल्यासारखं लिहिलं होतं, 'दुरुस्त्या करून दुसरे प्रूफ द्यावे.'

मी दुसरं प्रूफ दिलं. फुटाणे घातले. ते परत लाल झालं, जरा कमी. मग तिसरं. पहारेकरी गुडघ्यावर बसायच्या आधी काय बोलेल यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी दोन दिवस अबोला धरला. चौथं प्रूफ त्यांनी शांतपणे वाचलं, पेनाला टोपण लावलं, परत काढलं आणि तळाशी लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही.' मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं. ते आता चाचांच्या खणात जाणार होतं, चोवीस नंबरच्या पिशवीत. पनवेलची माणसं आजही तोच शेवट खरा समजून वाचतात.

त्या आनंदात मी झोपले आणि सकाळी ऑफिसला निघून गेले. परतीच्या बसमध्ये एकदम लख्ख लक्षात आलं की आता काही उरलं नाही. मालिका झाली, डोळे झाले, प्रूफही मंजूर झालं. घरी आले तर बाबा नव्हते. पलंगाखाली वाकले तर बॅग नव्हती. मी फोन केला, उचलेनात. मला संताप आला. सांगून जाता येत नाही? मी काय परकी आहे? एस्टी स्टँडला रिक्षा केली, पुण्याच्या फलाटावर तीन वेळा फिरले, नाहीत. मग सुचलं म्हणून तीच रिक्षा तळ्याकडे वळवली. चाचांना तरी सांगून गेले असतील.

बाबा बाकावर बसले होते, माझ्या त्या नेहमीच्या जागी. समोर बॅग उघडी होती आणि चाचा एकेक पुस्तक आणि त्याची पिशवी जोडीने तिच्यात ठेवत होते. सात-आठ जोड्या ठेवून झाल्या होत्या. बॅगेत कपडा एकही नव्हता. कपडे त्यांनी सकाळीच कपाटात लावले होते, त्या रिकाम्या कप्प्यात. घरी मी तो कप्पा उघडूनच बघितला नव्हता.

"अरे, आलीस?" बाबा म्हणाले. "बरं झालं. ग्रंथपालसाहेबांशी बोलणं झालंय. बटाटा, तपकीर, काय काय घालून ठेवलंय त्या माणसाने. पुढच्या वाचकाने चुकीचं का वाचायचं? पहिल्या पुस्तकापासून घेतो. समासात पेन्सिलने, लाल नाही. पुस्तक दुसऱ्याचं आहे."

"चोवीसच्या चोवीस?" मी विचारलं.

"या हप्त्यात आठ. घाई कसली?"

"आणि फॉर्मे पण घरी देताय, चाचा? कायदा?"

चाचांनी शेवटची पिशवी आत ठेवली आणि पितळी कड्या लावल्या. "प्रूफवाल्याला कायदा नाही," म्हणाले. पडद्यामागून भाऊ म्हणाला, मग छत्री तरी घेऊन जा, आभाळ आलंय.

मी बॅग उचलायला पुढे झाले. जड होती. पण बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागले.

"राहू दे," म्हणाले. "पायरी दिसते मला."